पऱ्हाटीचं कुंपण

आमच्या घरामागे परसबाग होती म्हणायची. खरं तर तिथे तण, एक फुटका रांजण आणि शेजारणीच्या कोंबड्या होत्या. मला तिथे कोणाला न दिसता चहा प्यायला एक कोपरा हवा होता. समोरच्या ओट्यावर बसलं की येणारा जाणारा विचारतो, "काय करून राह्यली?" मला उत्तर सुचेपर्यंत चहा गार होतो.

कापूस निघाला आणि शेतातल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, घरी आल्या. मी तण काढलं, रांजण पालथा घालून बैठक केली, मोगरा लावला आणि भोवती पऱ्हाट्या दाट रोवून डोक्याएवढं कुंपण बांधलं.

नवरा म्हणाला, "किल्ला बांधून राह्यली काय वं?"

चूक एवढीच झाली, की आमच्याकडे पऱ्हाटी म्हणजे सरपण. सासूची पाणी तापवायची चूल कुंपणाला लागूनच. ती बसल्या जागी हात लांबवायची, काडी उपसायची, मोडून चुलीत घालायची. थोड्याच दिवसांत बरोबर माझ्या तोंडासमोर खिडकी पडली. शेजारणीने तिच्यातून डोकावून विचारलं, "चहा चालू हाय वाटते?"

सासूला सांगणार कसं? लग्नापासून मी तिच्याशी 'हो आई'पेक्षा मोठं वाक्य बोलले नव्हते. मी खिडकीवर पोतं टांगलं.

दुसऱ्या सकाळी पोत्याशेजारची काडी हलू लागली. मी आतून ती घट्ट धरली. बाहेरून ओढ, आतून ओढ.

"रुजली काय मेली?" सासू म्हणाली.

मी दिसत नव्हते म्हणून असेल, तोंडातून निघून गेलं, "कायले उपसता? कुंपण हाय ते!"

सासूने काडी सोडली. मग सासू शेजारणीच्या घराकडे वळून कडाडली, "पऱ्हाटी माह्या वावरातली हाय! तुले काय करा लागते?"

शेजारीण भिजल्या पिठाच्या हातांनी धावत आली. "म्या काय केलं वो मावशी? मी तं भाकरी करून राह्यली!"

ती गेल्यावर पोतं हळूच बाजूला झालं. भोकात सासूचा एक डोळा दिसला.

"तुले बोलता येते?"

"हो आई."

पोतं पुन्हा खाली पडलं.

दुसऱ्या दिवशी चुलीत तुरीच्या काड्या जळत होत्या. मी चहा घेऊन आत बसले, तेवढ्यात शेजारीण माझी चौकशी करत आली.

"घरी नाही ना माय ती," सासू कुंपणाला पाठ लावून म्हणाली.