सिरोंच्याचा गिअरबॉक्स

ती गाडी आमच्या गॅरेजमध्ये आली ती ट्रॅक्टरच्या मागे, साखळीला बांधलेली. चंद्रपुरात कोटाच्या भिंतीलगत आमचं गॅरेज होतं. थोरला भाऊ आणि मी, दोघंच चालवायचो. दिवसभर जीप, मेटॅडोर आणि कोळशाचे ट्रक यांतच आमचे हात काळे. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. त्या काळात आमच्या दारात अमेरिकन गाडी येणं म्हणजे बैलबाजारात हत्ती येण्यासारखं होतं. दोनच दारं, लांबलचक नाक, आठ सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंग डावीकडे आणि रंग पिकल्या मिरचीचा. रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली.

गाडीतून एक बाई उतरल्या. साठीच्या आसपासचं वय, डोळ्यांवर जाड चष्मा. डाव्या पायाला मांडीपासून पट्ट्यांचा कॅलिपर, हातात काठी. धानोऱ्याला त्यांचा दवाखाना होता. माहेर सावली गावचं, धानाची शेती आणि राइस मिल असलेलं घर. ही गाडी त्यांच्या वडिलांनी मुंबईहून आणवली होती, त्या नुकत्याच डॉक्टर झाल्या तेव्हा.

"चालते, पण चालत नाई," त्या म्हणाल्या. "इंजिन वरडते, अन् गाडी जागची हालत नाई. मूल गावाच्या अलीकडे पार बसली."

भाऊजाननं बोनेट उघडलं आणि तो इंजिनावर वाकला. भाऊजान म्हणजे माझा थोरला भाऊ. मी गाडीखाली शिरलो, गिअरबॉक्सच्या खालचा चेंबर सोडला आणि तेलाचा वास नाकात गेल्याबरोबर समजलो. ऑटोमॅटिक गिअरचं तेल लाल असतं, सरबतासारखं. हे काळं होतं आणि त्याला करपलेल्या भाजीसारखी घाण येत होती. चेंबरच्या तळाला काळी पूड बसली होती. आतल्या प्लेटा जळून गेल्या होत्या आणि त्यांचा ड्रमही खरवडला होता. अशा प्लेटा आमच्याकडेच काय, नागपूरलाही मिळण्यासारख्या नव्हत्या.

भाऊजाननं सरळ उपाय सांगितला. "बाई, हे ऑटोमॅटिकचं लफडं काढून टाकू. जीपचा गिअरबॉक्स बसवतो. हातानं गिअर टाकायचा, क्लच दाबायचा, बस. जिंदगीभर पाहाचं काम नाई."

बाईंनी काठी गाडीला टेकवली आणि डाव्या पायाचा कॅलिपर दोन्ही हातांनी उचलून पुढे ठेवला.

"ह्या पायानं क्लच दाबून दाखव मले," त्या शांतपणे म्हणाल्या. "लहानपणी पोलिओ झाल्ता. बाबानं ही गाडी रुबाबासाठी नव्हती घेतली, भाऊ. हिले क्लच नाई म्हणून घेतली. धानोऱ्याहून गडचिरोली, गडचिरोलीहून चंद्रपूर, मी एकटी येतो-जातो. क्लच बसवला का मंग मी घरी बसू?"

भाऊजाननं मान खाली घातली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "छोटे, तू हैदराबादले असं काम पाह्यलं होतं ना?"

पाहिलं होतं, खरं आहे. हैदराबादच्या एका गॅरेजात मी काही वर्षं होतो. तिथले म्हातारे उस्ताद असे गिअरबॉक्स उघडायचे आणि मी शेजारी बसून भाग धुवायचो. स्वतःच्या हातानं मात्र एकही बसवला नव्हता. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "दुसरा ऑटोमॅटिक भेटला, तर मी बसवतो."



मी दिसेल त्याला विचारत सुटलो. एसटीडी बूथवरून नागपूरच्या भंगारवाल्यांना फोन केले, ते हसले. मग बांबू वाहणारा एक ट्रक ड्रायव्हर ब्रेक दाखवायला आला. लाल गाडी बघून तो म्हणाला, "अशीच लंबी नाकवाली एक सिरोंच्यात पडून हाय. चार दरवाजाची. एका लाकूडवाल्याच्या वाड्यात. कोंबड्या राह्यतेत तिच्यात."

दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एसटीनं मी निघालो. आल्लापल्लीच्या पुढचं जंगल सरता सरत नव्हतं. सागाची पानं धुळीनं माखलेली, रस्ता खड्ड्यांचा, आणि माझ्या मांडीवर पिशवीत नट सोडायचे पाने, टॉर्च आणि एक पांढरा फडका. हा फडका सगळ्यात महत्त्वाचा होता.

लाकूडवाला म्हातारा तेलुगू बोलणारा. हैदराबादला शिकलेली माझी मोडकी तेलुगू ऐकून तो खूश झाला. गाडी चिंचेच्या झाडाखाली होती, चारही चाकं मातीत रुतलेली. मागच्या सीटवर खरंच एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. मी बनावट बघितली, तर आमच्याच गाडीच्या कंपनीची. म्हातारा म्हणाला, इंजिनाचा ब्लॉक पहिल्याच काही वर्षांत तडकला, तेव्हापासून गाडी इथंच.

म्हणजे गिअरबॉक्स फारसा चाललेलाच नव्हता. मी बोनेटखाली वाकून गिअरच्या तेलाची पट्टी शोधली. गंजून अडकली होती. हळूहळू फिरवून बाहेर काढली आणि पांढऱ्या फडक्यावर पुसली.

फडक्यावर लाल डाग उमटला. स्वच्छ लाल. वास घेतला तर जळकेपणा नावालाही नाही.

मी तिथंच मातीत बसलो आणि हसायला लागलो. म्हाताऱ्याला वाटलं ऊन लागलं. त्यानं बायकोला हाक मारून ताक आणवलं. गिअरबॉक्स न्यायला दोघांची हरकत नव्हती. बायकोची एकच अट होती, कोंबडी उठेपर्यंत मागच्या दाराला हात लावायचा नाही. मी म्हणालो, मला दार नको, मला खालचं पोट पाहिजे. गावातली दोन माणसं मदतीला घेतली, गाडीखाली खड्डा खणला आणि संध्याकाळपर्यंत गिअरबॉक्स पोत्यावर काढून ठेवला. परतीला तोच बांबूचा ट्रक मिळाला. त्याच्या केबिनमध्ये पायाशी गिअरबॉक्स आणि त्याच्यावर माझा एक हात, असा मी चंद्रपूरला आलो.

भाऊजान फाटकाशीच उभा होता. त्यानं गिअरबॉक्सवरून हात फिरवला आणि म्हणाला, "शेपटी लंबी हाय."

होतीच. त्या चार दारांच्या गाडीचा गिअरबॉक्स मागच्या बाजूनं वीतभर लांब होता. इंजिनाला लागणारं तोंड मात्र नेमकं जुळत होतं. म्हणजे मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट तेवढा कापून आखूड करावा लागणार आणि गिअरबॉक्स ज्या आडव्या पट्टीवर टेकतो ती मागे सरकवावी लागणार. हे काम भाऊजानचं. लेथवर त्याच्याइतका हात बसलेला माणूस आमच्या ओळखीत दुसरा नव्हता. त्यानं शाफ्ट कापला, जोडला, लेथवर फिरवून बघितला, पुन्हा थोडा घासला. शेवटी फिरत्या शाफ्टजवळ खडू धरला तर त्याची रेघ सगळीकडून सारखी उमटली, म्हणजे शाफ्ट सरळ फिरत होता. तोवर मी वाळून गेलेली सगळी रबरी सीलं बदलली.

बसवायच्या दिवशी डॉक्टरबाई पहिल्या एसटीनं धानोऱ्याहून आल्या. दवाखान्याला कुलूप लावून आल्या होत्या. स्टुलावर बसून म्हणाल्या, "मी काही बोलणार नाई. फक्त पाहातो."

गिअरबॉक्स आणि इंजिन यांच्या मध्ये एक गोल पोलादी डबा असतो, मोठ्या कलिंगडाएवढा. त्यात तेल भरलेलं असतं आणि क्लचचं काम तोच करतो. त्याला कन्व्हर्टर म्हणतात. तो गिअरबॉक्सच्या पंपात पूर्ण आत बसला पाहिजे. आम्ही जॅकवर फळी ठेवून सगळा बोजा वर चढवला. तोंडाला तोंड लागलं, पण बोटभर फट राहिली.

"बोल्ट कस," भाऊजान म्हणाला. "बोल्ट ओढून घेईल."

"नाई. असं केलं तर पंप फुटते. उस्तादनं एकदा फुटलेला दाखवला होता."

"मंग फट काऊन राह्यली?"

"डबा पुरा बसला नाई."

आम्ही सगळं पुन्हा खाली घेतलं. मी डोळे मिटले आणि कन्व्हर्टर दोन्ही हातांनी हळूहळू फिरवू लागलो, आत ढकलत ढकलत. एका जागी तो खट्कन बोटभर आत गेला. तो धक्का मनगटातून खांद्यापर्यंत आला. भाऊजाननंही आवाज ऐकला. आता वर चढवलं तर दोन्ही तोंडं अशी मिटली की मधून कागद जाईना. बाई स्टुलावरून उठून उभ्या राहिल्या होत्या, काठीशिवाय.

लाल तेल ओतलं, इंजिन चालू केलं, आणखी तेल ओतलं. गाडी लोखंडी घोड्यांवर उचलून ठेवलेली होती. मी लिव्हर पुढच्या गिअरवर ओढला आणि मागची चाकं हवेत फिरू लागली. रिव्हर्सला टाकला, उलटी फिरली. भाऊजाननं माझ्या पाठीवर थाप मारली, हात तेलाचा होता.

गाडी खाली उतरवून मी गल्लीतून मोठ्या रस्त्यावर नेली, आणि तिथं माझा आनंद निम्मा उतरला. पहिला गिअर बदलतच नव्हता. इंजिन किंचाळेपर्यंत वाट बघायची, मग पाठीत लाथ बसावी तसा धक्का देऊन दुसरा पडायचा. मी परत आलो आणि बोनेट उघडून पुन्हा सगळं तपासलं. सगळं जागेवर होतं.

"आता पाहू का मी?" बाईंनी विचारलं. त्या काठी टेकत आल्या आणि इंजिनापासून खाली जाणाऱ्या एका बारीक रबरी नळीकडे बोट दाखवलं. "ही कायले हाय?"

मी सांगितलं, इंजिन हवा ओढतं, त्या ओढीवरून गिअरबॉक्सला समजतं की इंजिनावर किती बोजा आहे आणि गिअर कधी बदलायचा. नळी मी नवीनच लावली होती, फुंकूनही बघितली होती.

"इंजिन बंद असताना पाह्यली ना? आता चालू कर."

भाऊजाननं इंजिन चालू केलं. बाईंनी दोन बोटांत नळी धरली, नाडी बघावी तशी, आणि मला म्हणाल्या, "इथी हात लाव."

नळी चपटी झाली होती. मी पातळ रबराची लावली होती. इंजिनाची ओढ लागली की ती आतल्या आत मिटून जायची आणि बंद केलं की पुन्हा गोल व्हायची. गिअरबॉक्सपर्यंत काही पोचतच नव्हतं.

"पेशंटच्या छातीतला कफ ओढाची नळी पातळ असली का अशीच मिटते," त्या म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी रक्तदाब बघायचं यंत्र काढलं. त्याची रबरी नळी जाड, काळी, दाबली तरी दबेना. "ही चालन का पाह. माझ्याजवळ अजून एक मशीन हाय."

नळी नेमकी बसली, जणू मापानं कापलेली.

या वेळी चालवायला बाई बसल्या. शेजारी मी, मागे भाऊजान, गुडघे हनुवटीला लावून, कारण त्या गाडीला मागची सीट नावालाच होती. आम्ही मूलच्या रस्त्याला लागलो. पहिला गिअर कधी सुटला आणि दुसरा कधी लागला, समजलंच नाही. तिसराही तसाच, लोण्यातून सुरी जावी तसा. शहर मागे पडलं, दोन्हीकडे साग सुरू झाला, समोर सरळ रिकामा रस्ता आला.

"दाबू काय?" बाईंनी विचारलं.

"दाबा."

त्यांनी उजवा पाय तळापर्यंत दाबला. क्षणभर काही झालं नाही. मग गिअरबॉक्स आपला आपण एक पायरी खाली आला, आठही सिलिंडर एकदम गरजले आणि मी सीटच्या पाठीवर आदळलो. मागून भाऊजानच्या तोंडून "या अल्ला" निघालं. झाडं पट्ट्यांसारखी मागे जाऊ लागली. बाईंचा चष्मा नाकावर घसरला होता, तो त्यांनी वर केला नाही. त्या हसत होत्या, आवाज न करता, आणि गाल ओले झाले होते.

थोड्या वेळानं त्यांनी पाय सैल केला. गाडी हळूच पुन्हा वरच्या गिअरवर गेली.

"बाबा असते तर रागावले असते," त्या म्हणाल्या. "म्हणत, पोरी, हळू चालव. अन् मंग स्वतः म्हणत, अजून एक डाव दाब."

मूलला पोचल्यावर त्यांनी गाडी स्टँडसमोर उभी केली. ठरलं होतं की आम्हाला घेऊन त्या चंद्रपूरला परत येतील. पण त्यांचे डोळे सावलीच्या रस्त्याकडे होते. भाऊजानच्या ते लक्षात आलं. तो कसाबसा अंग सोडवत उतरला आणि म्हणाला, "जा बाई. अंधार पडाच्या आधी धानोऱ्याले पोचता. आमी एसटीनं जातो."

"पिशवी राह्यली ना तुमच्या इथी, मशीन हाय त्यात."

"नळी गेली तिची. मशीन आता गॅरेजचीच."

त्या हसल्या, हात हलवला आणि निघाल्या. वळणाआड गाडी दिसेनाशी झाली तरी तिचा आवाज ऐकू येत होता. आम्ही दोघं तो ऐकत उभे होतो, आणि मला जाणवलं की कुठं कुठं गिअर बदलतो आहे ते भाऊजान पुटपुटत मोजतो आहे. "दुसरा," तो म्हणाला. "हां, तिसरा."

एसटी खचाखच भरलेली होती. आम्ही दांड्याला लटकून चंद्रपूरपर्यंत उभे आलो आणि एकमेकांना तीच तीच गोष्ट सांगत राहिलो, की फट कशी मिटली, नळी कशी चपटी झाली, दाबल्यावर गिअर कसा खाली आला. शेजारचा एक शेतकरी बराच वेळ ऐकत होता. शेवटी त्यानं विचारलं, "कोन्ती गाडी होती, भाऊ?"

भाऊजाननं त्याला अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.