चारही ग्लासांत लाकूड

आमच्या शहरात वाइन कुणी पीत नाही, हे आधीच सांगून टाकतो. वेरूळ-अजिंठा बघायला आलेले पाहुणे जिथं उतरतात, तसल्या एका मोठ्या हॉटेलात मी वाढप्याचं काम करतो. वाळूजच्या कंपन्यांतले साहेब येतात, ते व्हिस्की मागवतात. महिन्याकाठी एखादा वाइन मागतो आणि वर विचारतो, "गोड आहे ना? बरफ डाल दो, भाई." मी टाकतो. वाइनमध्ये बर्फ टाकायचा नसतो, हे त्याला सांगून काय डोंबल होणार आहे?

तरी मला हे खूळ लागलं. खुळाला कारणही होतं. मॅनेजर म्हणाले होते, वाइनची पहिली परीक्षा पास हो, मग आपल्या गोव्याच्या हॉटेलसाठी तुझं नाव पुढं करतो. तिथं एक माणूस फक्त वाइनचं बघतो. कुठल्या जेवणासोबत काय प्यावं ते पाहुण्याला सांगतो, आणि लोक त्याचं ऐकतात. मी तिशी ओलांडलेली, हातात ताटंच ताटं. गोवा सोडून मला दुसरं दार दिसत नव्हतं. सोबतचे म्हणायचे, "गाढवाला गुळाची चव काय!" म्हणू दे.

अभ्यासाचं पुस्तक इंग्रजीत, आणि त्यातली फळं आमच्या बाजारात कधी आलीच नाहीत. ब्लॅककरंट म्हणे. आमच्याकडं ब्लॅककरंट आइस्क्रीममध्ये भेटतं, तेही रंगापुरतं. मग मी माझंच जमवलं. कोरा चहा फार उकळला की जीभ कोरडी पडते, ते टॅनिन. चिंच आठवली की जबड्यात पाणी सुटतं, ती आम्लता. ताक आणि साईचं दूध तोंडात जसं वेगळं लागतं, तसा हलक्या वाइनचा आणि भारी वाइनचा फरक. रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी, असं पुस्तकात होतं. अरे, पण कुणाच्या खोलीच्या? आमच्या खोलीत मे महिन्यात बाटली ठेवली तर काढाच व्हायचा तिचा.

सगळ्यात अवघड होतं लाकूड. काही वाइन ओक लाकडाच्या पिंपात मुरवतात, काही नुसत्या स्टीलच्या टाकीत ठेवतात. नुसत्या वासावरून ते ओळखायचं. लाकूड लागलेलं असलं तर व्हॅनिला, धूर, रंध्याखालच्या ताज्या भुश्शासारखा वास येतो. हे जमायला मला फार दिवस लागले. पण जमलं.

घरी मात्र सगळं बिनसलं. गुलमंडीजवळ आम्ही दोघंच राहतो, वडील आणि मी. आई गेली. आजोबा भिक्षुकी करायचे. वडील सरकारी कचेरीत कारकून होते, पण सकाळची पूजा त्यांनी एक दिवस चुकवली नाही. ते पुस्तक बघून त्यांनी एवढंच विचारलं, "आपल्या घरात दारूची परीक्षा?" ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडले नाहीत. देवघरात मला येऊ देईनात. कित्येक महिने आमच्यात "भाजी काय आणू" यापलीकडं बोलणं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी वास येईल असं काही लावून यायचं नाही, असा नियम होता. मी साबण लावला नाही, तेल लावलं नाही, चहासुद्धा घेतला नाही. दारात बूट घालत होतो तेवढ्यात वडील पूजेवरून उठून आले. बोटावर ओलं अष्टगंध. लहानपणी धरायचे तशी माझी हनुवटी धरली, दोन्ही भुवयांच्या मधोमध ठसठशीत टिळा लावला आणि म्हणाले, "जा. नीट लिही."

खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. लई बरं वाटलं.

स्कूटरवर अर्धा रस्ता चंदन-केशराचा घमघमाट होता. पोचेपर्यंत तो गेला, असं मला वाटलं. खरं तर नाकाला सवय झाली होती. हेही पुस्तकात होतं, आणि मी ते पाठ केलं होतं. परीक्षेच्या हॉटेलात बेसिनपाशी आरशासमोर उभा राहिलो, ओंजळीत पाणी घेतलं. पण बापानं लावलेला टिळा पुसायचा? परीक्षेच्या दिवशी? तेही इतक्या महिन्यांनी लावलेला? हात धजावला नाही. पाणी सोडून दिलं.

लेखी पेपर मस्त गेला. मग चार ग्लास समोर आले. हॉलमध्ये उकडत होतं, कपाळाला घाम सुटला होता. नाक ग्लासात घालायला मान खाली घातली. पहिल्या ग्लासात लाकूड. दुसऱ्यात लाकूड. तिसऱ्यात, चौथ्यात, सगळीकडं लाकूड. म्हटलं, वा रे पठ्ठ्या, आज नाक काय चाललंय! चारही ग्लासांपुढं ठासून लिहिलं, पिंपात मुरवलेली.

पेपर गोळा झाल्यावर परीक्षक बाईंनी सांगितलं, यातल्या तीन वाइननी लाकूड पाहिलेलंही नाही. शेजारची मुलगी हसून म्हणाली, "मला तर सारखा चंदनाचाच वास येत होता," आणि तिची नजर माझ्या कपाळावर गेली. घामानं ओला झालेला टिळा मी बोटानं टिपला, नाकाशी नेला. तेच लाकूड.

निकाल आला. लेखीत पास, चवीत नापास. मॅनेजर म्हणाले, फक्त चवीचा भाग परत दे, दिवाळीपर्यंत गोव्याची जागा थांबवतो.

संध्याकाळी वडिलांनी विचारलं, "काय झालं?"

"चवीत गेलो."

"म्हणजे देवानंच नाही म्हटलं," ते म्हणाले. "मी त्याचं गंध लावून धाडलं होतं तुला. त्यानं निकाल दिला."

खरं अगदी ओठावर आलं होतं. पण 'माझ्याच हातानं पोराचं वाटोळं झालं', हे त्या माणसानं मरेपर्यंत उराशी धरलं असतं. मी म्हणालो, "पुन्हा बसता येतं, बाबा."

"बस की. मी अडवणार नाही. पण मी आता टिळा लावणार नाही. देवानं एकदा सांगितल्यावर पुन्हा त्याच्या नावानं धाडणं बरं नव्हं."

टिळ्याविना गेलो तर मी पास होणार, हे मला चांगलं ठाऊक होतं. त्यांच्या तोंडाकडं बघितलं. परत महिनोन् महिने ते मुकं घर, आणि त्यातून मी एकटाच परीक्षेला निघालोय. नाही झालं माझ्याच्यानं.

"राहू द्या बाबा. नाही बसत."

"शहाणा माझा लेक," ते म्हणाले, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. इतके खूश झाले होते, की मला बघवेना.