सोलापूरच्या नकाशावरचा एक ठिपका

जेऊरच्या माळावर मी शेणाची बादली रागाने उपडी केली, असे प्राध्यापक मोहिते अजूनही सांगत असतात. ते साफ खोटे आहे. मी ती शास्त्रीय पद्धतीने रिकामी केली. मोहिते माझेच विद्यार्थी; आता कोल्हापूरकडे प्राणिशास्त्र शिकवतात. त्यांना हा फरक कळायला हवा होता.

त्यांची संशोधक विद्यार्थिनी स्वाती हिला त्या माळावरच्या सापळ्यात एक शेणभुंगा मिळाला होता. ही जाती घाटातल्या ओल्या रानांची. आमच्या कोरड्या जिल्ह्यात तिची नोंद नाही. हे मी अधिकाराने सांगतो, कारण जिल्ह्याची यादी मीच केलेली आहे. स्वातीचा पहिला पेपर याच नोंदीवर उभा होता आणि त्याच आठवड्यात जर्नलकडे जाणार होता. एकदा छापला की या जातीच्या नकाशावर करमाळा तालुक्यात ठिपका पडणार, आणि पुढचे सगळे तो डोळे मिटून उतरवून घेणार.

भुंगा ओळखण्यात चूक नव्हती. या गटात रंगावरून जाती ठरत नाही. नराचे जननेंद्रिय काढून त्याचा आकार मायक्रोस्कोपखाली पाहावा लागतो. स्वातीने ते नेटके केले होते. मी तसे तिला सांगितले. मोहित्यांच्या हकिकतीत हे वाक्य येत नाही.

"मग सर, अडचण काय?" मोहित्यांनी विचारले.

"भुंगा बरोबर आहे. गावाबद्दल शंका आहे."

"तुमच्या यादीत नाही म्हणून त्याने यायचेच नाही का?"

"यावे. कसा आला तेवढे सांगावे."

आम्ही तिघे जीपने माळावर गेलो. पिटफॉल ट्रॅप म्हणजे जमिनीत तोंडापर्यंत पुरलेली बरणी. तोंडावर जाळी, जाळीवर शेणाचा गोळा. वासाने आलेला भुंगा जाळीतून आत पडतो. स्वातीने शेणाची बादली उतरवली. मेंढ्या घेऊन आलेला मायाप्पा काठीवर हनुवटी टेकून पाहत होता.

"शेन गाडीतनं आनलंय व्हय? आमचं चालत न्हाय का सायबास्नी?"

"इथल्या जनावरांना जंतांचे औषध देतात," मोहिते म्हणाले. "ते शेणात उतरते, भुंग्यांना बाधते. म्हणून दर खेपेला हे आमच्या गावाकडचे, राधानगरीचे आणतो. घरच्या म्हशींचे शुद्ध शेण."

राधानगरी घाटात आहे. मी विचारले, "फ्रीझरमध्ये ठेवले होते?" आमिष आधी गोठवायचे असते, म्हणजे आत शिरलेले किडे मरतात आणि निवडून टाकता येतात.

"घरच्या फ्रीझरमध्ये शेण? सर, बायको मलाच बाहेर काढील."

"मंग गोठ्यात झोपा की," मायाप्पा म्हणाला.

मी त्याच्याकडून घमेले घेतले, बादली त्यात रिकामी केली आणि पाणी ओतून कालवले. शेण खाली बसते, भुंगे वर तरंगतात. थोड्या वेळाने तीन वर आले. जिवंत होते.

स्वातीने ते चिमट्याने उचलले. बराच वेळ भिंगातून पाहिले.

"सर, माझा पेपर गेला."

"थांबला," मी म्हणालो. "छापून आल्यावर गेला असता."

मोहिते जीपचे टायर तपासू लागले.

सोलापूरला शुक्रवार पेठेतल्या माझ्या घरी परतल्यावर माझ्या मायक्रोस्कोपखाली त्यांतला एक नर तपासला. तीच जाती. तरी बरणीतला भुंगाही बादलीतलाच, हे एवढ्याने सिद्ध होत नाही. म्हणून मायाप्पाच्या औषध न दिलेल्या म्हशीचे शेण गोठवून स्वातीने पावसाळाभर पुन्हा सापळे लावले. फ्रीझर माझ्या घरचा होता. त्यावर आमच्या सौभाग्यवतींनी दिलेले मत हा या लेखाचा विषय नाही.

माळावरच्या नेहमीच्या जाती भरपूर आल्या. घाटातली एकही आली नाही. स्वातीचा पेपर वर्षभर उशिरा, त्या ठिपक्याशिवाय छापून आला. ठिपका आपणच काढायला लावला, असे मोहिते सांगतात. तो स्वातीने स्वतः काढला. मी समोर बसलो होतो.

नवी नोंद घेऊन कोणी आले, की मी आता भुंगा नंतर पाहतो. शेण कुठले, ते आधी विचारतो.