तात्यांचा पातळ प्लायचा घुमट

आमचे प्लायतात्या कुणाच्याही घरी गेले, की पाण्याचा तांब्या हातात घेण्याआधी कपाटाच्या मागे डोकावायचे. त्यांच्या लेकीसाठी मुलगा बघायला गेलो तरी तेच. व्याही दारात हात जोडून उभे आणि आमचे तात्या भिंतीच्या नि कपाटाच्या फटीत. "पुढनं समदंच देखणं असतंय," अंग झटकत म्हणायचे, "मागची प्लाय बघावी."

कपाटाच्या पाठीला ठोकतात ती पातळ, स्वस्त प्लाय. तिच्यावर तात्यांचा जीव. रेडिओचं खोकं, नातवाची बैलगाडी, सुनेची भांड्यांची मांडणी (ही दोनदा कोसळली), सगळं तिचंच. "सागवान म्हंजे पाव्हणा. मान द्या, काम सांगू नगा."

पण खरी कीर्ती घुमटाची. वडगावात आमच्या वस्तीच्या भीमजयंतीला ट्रॉलीवर सांचीचा स्तूप उभा राहायचा, तो तात्यांचा. मोसंबीच्या फोडींसारखे प्लायचे तुकडे कापायचे, एकेक वाकवायचा आणि जोडत जोडत गोल घुमट करायचा. माईकवर त्याचं वर्णन माझं. मी असं रंगवायचो, की म्हाताऱ्या ट्रॅक्टरलाही हात जोडायच्या.

मला मात्र प्लाय न मोडता वाकवायला शिकायचं होतं. रोज संध्याकाळी तात्यांच्या शेडात जायचो. कापणं, घासणं, जोडणं शिकलो. वाकवायची वेळ आली, की तात्या म्हणायचे, "माईकवाल्या, च्या सांगून ये." परत येईपर्यंत तुकडे वाकलेले. "फुडच्या वर्सी दावतो," हा दरवर्षीचा शब्द.

मग तात्या काही दिवस भवानीनगरला लेकीकडे राहायला गेले. मी भेटायला गेलो, तर अंगणात, भर उजेडात, लेकीच्या शेजारणीला, सुनंदाताईंना, शिकवत होते. गरम पाण्यात भिजवलेलं गोणपाट प्लायवर, प्लाय पिंपाभोवती, वरून दोरी. चहाला उकळी यायला लागतो तेवढाच वेळ.

"तात्या, हे काय?"

"शिकवतुया. दिसंना व्हय?"

"आणि मला?"

तात्यांनी सावकाश गाठ मारली. "त्या शिकत्याल आन् घरला जात्याल. तू शिकला असतास तर माज्याकडं कशाला आला असतास?"

रोजच्या संध्याकाळी, वस्तीभरच्या गप्पा, त्यांच्या आजारपणात दवाखान्यात काढलेले दिवस, हे सगळं मी घुमटासाठी केलं, असं हा माणूस धरून चालला होता. शिकवलं नाही याचं काही नाही. हे लागलं.

ते वडगावला परतल्यावर मी पुन्हा शेडात जायला लागलो. प्लायचं नाव काढलं नाही. त्यांना खोटं पाडायची हीच एक रीत मला सुचली. तात्याही त्यावर कधी बोलले नाहीत. चहा सांगायला मात्र स्वतः उठायचे.

यंदाच्या थंडीत तात्या गेले. जयंती तोंडावर आली, तशी वस्ती माझ्याकडे बघायला लागली. मी भवानीनगर गाठलं. सुनंदाताईंच्या ओट्यावर तात्यांची लेक लसूण सोलत बसली होती.

"भाऊ, तुमी तर तात्यांचा उजवा हात," सुनंदाताई म्हणाल्या. "तुमाला शिकवलं न्हाय व्हय त्यांनी?"

लेकीचा हात थांबला.

"शिकवलं होतं की," मी म्हणालो. "माझ्याच ध्यानात राहिलं नाही."

सुनंदाताईंनी गोणपाट बादलीत बुडवलं आणि अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.