दोघांची होडी

प्रल्हादराव पंगतीत बसले तरी आधी तर्जनी ओली करून वर धरायचे. वाढणारा ताटकळत राही. "मावळतीचा वारा हाय," असं जाहीर केल्यावरच त्यांचा हात वरणाला लागे. माझ्या धाकट्या बहिणीचा, शोभाचा, हा नवरा. पुण्यात शिडाच्या होड्यांच्या एका क्लबात ते भांडारपाल होते. होडीत कधी बसले नाहीत, पण निवृत्त होऊन अनसिंगला परतले ते शर्यतीचे महर्षी होऊन.

शोभाची म्हैस विकून त्यांनी गोठ्यात दोन माणसांची शर्यतीची होडी बांधली. होडी वाईट नव्हती, एवढं मी मान्य करते. हलक्या प्लायवूडची, पुढे निमुळती आणि मागे सपाट, वेग आला की पाण्यावरून घसरणारी. एकाने सुकाणू आणि मोठ्या शिडाचा दोर सांभाळायचा. दुसऱ्याने डोलकाठीच्या तारेला कमरेचा पट्टा अडकवून काठाबाहेर लटकायचं, होडी कलू द्यायची नाही. लटकणार कोण, हे त्यांनी शोभाला विचारलंही नाही. तिला पोहता येत नाही.

"दोघांची होडी म्हंजे संसारच हाय, ताई," ते मला म्हणाले. "एकानं डोकं लावाचं, एकानं वजन."

"अन् बुडाली त?"

"काहून बुडन? डिझाइन माझं हाय."

"शोभाले जॅकेट तरी घाला."

"जॅकेट घातलं का लोकाइले वाटते, होडीवर भरवसा नाई."

होडी पाण्यात सोडायच्या दिवशी धरणावर गाव जमलं. वारा मिळताच होडी खरोखर सुसाट सुटली. शोभा पदर खोचून, डोळे मिटून बाहेर लटकलेली. काठावरच्या आरोळ्या ऐकून प्रल्हादरावांना हात हलवायचा मोह झाला. म्हणून त्यांनी शिडाचा दोर खुंटीला बांधून टाकला, बैल बांधावा तशी पक्की गाठ मारून. तो दोर हातातच ठेवायचा असतो, जोराचा झोत आला की ढिला सोडायला. झोत आला, गाठ सुटेना. होडी उलटली आणि शोभा तारेसकट शिडाखाली गेली.

मासे धरणाऱ्या दोघांनी उड्या टाकून तिला सोडवलं. प्रल्हादराव पालथ्या होडीवर चढून बसले होते. "पाह्यलं का," ते काठाकडे ओरडून सांगत होते, "उलटली, पण बुडाली नाई."

शोभाला मी जऊळक्याला माझ्या घरी आणलं. पुढच्या आठवड्यात ते न्यायला आले.

"खुंटी काढून टाकली म्या. चाल."

"मी बुडून राह्यली होती," शोभा म्हणाली, "अन् तुमी लोकाइले काय सांगून राह्यले होते?"

"मंग? होडीची बदनामी झाली असती ना."

तिने त्यांच्यापुढे कप ठेवला. "चहा घ्या अन् जा."

ती आता माझं कापडाचं दुकान सांभाळते. परवा मी धरणावरून येत होते, तेव्हा काठाशी प्रल्हादराव दिसले. होडीत शोभाच्या जागी सोयाबीनचं पोतं बांधलेलं.

"जमते काय?" मी विचारलं.

"बेस हाय. ठेवलं तिथं बसते, मधात बोलत नाई."

दुकानात येऊन मी शोभाला सांगितलं. "पोतं बुडालं त ओरडत बी नाई," ती म्हणाली. "बरं झालं त्याइचं." आणि गिऱ्हाइकासमोर मापलेलं कापड तिने टरकन फाडलं.