पाच गार बॉनेटं

आमच्या शेजारचा शलमोन दुकानाची पाटी वाचत नाही, दुकानापुढच्या गाड्या वाचतो. वीस वर्षं त्याने ट्रक चालवला. गुडघे बोलायला लागल्यावर श्रीरामपूरच्या एका मंगल कार्यालयात शिट्टी घेऊन पार्किंगला उभा राहिला, त्याला आता अकरा वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत त्याने स्वतःचं एक शास्त्र तयार केलं. मी छत्तीस वर्षं भूगोल शिकवला, पण इतकी ठाम मी नकाशापुढेसुद्धा कधी नव्हते.

"बाई, पावण्यांनी गाड्या गेटाकडं तोंड करून लावल्या, की समजायचं, जेवलं की पळनार. भिंतीकडं तोंड असलं, की आईस्क्रीम दोनदा."

शिवाय बॉनेटला हात लावायची खोड. गाडी उभी राहिली रे राहिली, की हा तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा तिला हात लावणार. कोमट म्हणजे गावातली, चटका बसला म्हणजे लांबची. लांबच्यांना आधी पाणी आणि सावलीची जागा. इथपर्यंत शास्त्र चांगलंच होतं. पण त्याने ते घरी आणलं.

त्याची एकुलती एक मुलगी प्रार्थना. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेली, हुशार, आणि बापावर जीव असलेली, म्हणजे पंचाईतच. तिला परवानगी नको होती, होकार हवा होता. पहिल्या कंपनीत मालकाची गाडी पत्र्याखाली आणि कामगारांच्या मोटारसायकली उन्हात, म्हणून शलमोनने नको म्हटलं. ते मलाही पटलं. दुसऱ्या कंपनीत सगळ्या गाड्यांवर कव्हर. "इतकं झाकायला काय झालं? आत काहीतरी काळंबेरं हाय."

"अरे, वर चिंचेवर बगळे बसतात!" मी म्हटलं.

"बगळ्यांचं निमित्त, बाई."

तिसऱ्या कंपनीचं मुलाखतीचं पत्र आलं, तेव्हा प्रार्थनाने शांतपणे सांगितलं, "पप्पा, हिलाही नको म्हणालात तर मी पुण्याला मावशीकडे जाते. तिच्या सोसायटीत पार्किंगच नाही."

शलमोनचा चेहरा पडला. त्याची बायको दया मला म्हणाली, "बाई, तुमी जावा यांच्याबरोबर. पोरगी पुण्याला गेली तर हे दिवसभर माझ्या कपाळाला हात लावत बसतील."

म्हणून आम्ही तिघं रिक्षाने एमआयडीसीत गेलो. गाड्यांना लागणारे रबरी भाग बनवणारी कंपनी. सव्वानऊला प्रार्थना आत जाऊन बसली, आणि शलमोनने पार्किंगचा ताबा घेतला. पांढऱ्या पाच गाड्या, पाचही एकसारख्या, मागे इंग्रजीत 'हायब्रिड' लिहिलेलं. मी वाचून दाखवलं.

"म्हंजी मक्यासारखं?"

"म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी, दोन्ही."

"दोन्ही कशाला? एक काहीतरी धरा की! मालकाचंच नक्की न्हाई, तर कामगारानं काय करायचं?"

मग सुरू झाली नाडीपरीक्षा. पहिली गाडी. दुसरी. पाचवीपर्यंत पोचला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता.

"बाई, सगळ्या गार हायत. गारगार! साडेनवाची ड्युटी, सव्वानऊ वाजलेत, आन एक गाडी कोमट न्हाई. म्हंजी ही मानसं आज आलीच न्हाईत. काल आलेली हायत. घरी सोडत न्हाईत हितं! मी पोरीला भाईर काढतो."

मी त्याचा शर्ट मागून धरला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी परक्या आवारात पुरुषाचा शर्ट धरून उभी राहिले. शोभलं नसेल, पण सोडला असता तर तो आत घुसला असता. तेवढ्यात गेटात टेम्पो आला, हॉर्न वाजला, आणि कडेची पांढरी गाडी मागे सरकू लागली. आवाज नाही, धूर नाही, काहीच नाही. काचेवर ऊन होतं, आत कोणी दिसेना.

"घसरली! गाडी घसरली!"

शर्ट माझ्या हातातून सुटला. शलमोनने फुलांच्या वाफ्याकडेचा गेरू-चुन्याने रंगवलेला दगड उचलला आणि दुखऱ्या गुडघ्यांनी धावत जाऊन मागच्या चाकाखाली सरकवला. गाडी गचका खाऊन थांबली. दार उघडलं. चाळिशीतली एक बाई उतरली, धावत मागे आली, वाकून चाकाजवळ बघितलं.

"काका, लागलं का कुठे?"

"तुमी आत हुता?"

"मीच चालवतेय."

"बंद गाडी?"

"बंद नाही हो. हळू असली की बॅटरीवर चालते, आवाज येत नाही. टेम्पोला वाट द्यायला आत्ताच येऊन बसले होते."

"आन बाकीच्या गार कशा? मानसं घरी जातात का न्हाई?"

"जातात की! मागच्याच कॉलनीत राहतात. तेवढ्याला इंजिन सुरूच होत नाही." मग तिने विचारलं, "मी ज्ञानेश्वरी. कंपनी माझीच. तुम्ही कोणाकडे आलात?"

शलमोनचा रंगच उडाला. मुलीच्या मालकिणीच्या गाडीला दगड लावला होता. पोरीचं नाव वाचवायला त्याने जगातलं सगळ्यात मूर्ख उत्तर दिलं.

"मी ह्या बाईंबरोबर आलोय. बाईंची मुलाखत हाय."

ज्ञानेश्वरीने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "कोणत्या पदासाठी?"

"भूगोल," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

आरडाओरडा ऐकून प्रार्थना दारात आली होती. ती सरळ आमच्याकडे आली. "मॅडम, हे माझे वडील. या आमच्या शेजारच्या बाई. मुलाखत माझी आहे." मग वाकून चाकाखालचा दगड काढला आणि वाफ्याच्या कडेला, रांगेत, होता तिथे ठेवला.

ज्ञानेश्वरी हसली नाही. हसू दाबून धरलेला चेहरा मी वर्गात हजारदा पाहिलाय. "चल आत," म्हणाली.

पाऊण तास शलमोन कट्ट्यावर मांडीखाली हात घेऊन बसला. एकाही बॉनेटला हात लावला नाही.

प्रार्थना बाहेर आली ती हातात कागद घेऊनच. "मिळाली. एक तारखेपासून." आणि त्याच्यापुढे उभी राहिली. "पप्पा?"

शलमोनने घसा साफ केला. "मालकीन उतरली तवा आधी खाली वाकून बगितलं, मी चिरडलो का ते. बंपरला काय झालं ते अजून बगितलं न्हाई तिनं. मी बगितलं. दगडानं खरचटलंय."

"म्हणजे?"

"म्हंजी जा."

ती त्याच्या गळ्यातच पडली. रस्त्यावरचे लोक बघू लागले, म्हणून मी दोघांना रिक्षात कोंबलं. रिक्षा सुटली तसा तो तिच्याकडे वळला. "पन त्या गाड्यांच्या मागनं चालायचं न्हाई. मेल्या सांगून येत न्हाईत."