गोरोबाअण्णांची बोटं

आमची विहीर आठ जणांत सामाईक. रब्बीला पहिलं पाणी कुणाचं, हे दरवर्षी चिठ्ठ्या टाकून ठरतं, आणि चिठ्ठी उचलायचा मान गोरोबाअण्णांचा. माणूस सरळ, इतका सरळ की कधी कधी रागच यायचा. यंदा ओळीनं तिसऱ्या वर्षी त्यांचंच नाव पहिलं निघालं. आठांतलाच हणमंतप्पा म्हणाला, "अण्णा, बोटाला चिठ्ठी वळकू येती का काय?" सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू?

अण्णा चिडले असते तर बरं झालं असतं. ते गोंधळले. घरी बसून कागदाच्या घड्या घालायचे, डोळे मिटून चाचपायचे. "माझी बोटं मला न सांगता वळकत असली तर?" असं मलाच विचारायचे. अन्नावरची वासनाही उडाली.

त्यांची मुलगी वर्षाराणी पुण्यात कॉम्प्युटरच्या सुरक्षेचं काम करते. सुट्टीला आली तेव्हा तिनं सांगितलं, की कॉम्प्युटरच्या कुलपांना कुणालाच ओळखता येणार नाही असा आकडा लागतो. साधा कॉम्प्युटर आकडा रीतीनं काढतो. रीत कळली की आकडाही कळतो. नव्या क्वांटम कॉम्प्युटरमध्ये मात्र तो निघेपर्यंत ठरलेलाच नसतो.

"यंत्रालाबी ठावं नसतं?" अण्णांनी विचारलं.

"नसतं, अण्णा."

"मग ठरवतंय कोण?"

"कुणीच नाही."

अण्णा माझ्याकडं बघायला लागले, मी वर्षाराणीकडं. आम्हा दोघांच्याही डोक्यावरून गेलं.

"आणि तो कुणी आधीच ठरवून दिलेला नाही ना, हे दुसरा मोठा कॉम्प्युटर तपासतो," ती म्हणाली.

"तसं माझ्या बोटाचं तपासता येईल का गं?"

"बोटाचं नाही, पण पाण्याचा आकडा त्या यंत्राकडून मागवता येईल," ती म्हणाली.

शेवटी पहिलं पाणी पुन्हा, पण या खेपेला यंत्रावर ठरवायचं असं झालं. आठ नावांना आकडे हणमंतप्पानंच दिले. वर्षाराणीनं तिच्या कामावरच्या साहेबांना विचारून यंत्राकडून एक आकडा मागवला. सहा आला. सहा म्हणजे अण्णाच.

"आता कुणाचं काय म्हणणं न्हाय. घ्या पाणी, अण्णा," हणमंतप्पा म्हणाला. अण्णांचे डोळे भरून आले. मला वाटलं, आनंदानं.

"ज्याचं कुणालाच काय ठावं न्हाय, त्याच्यावर तुमचा इस्वास बसला," ते म्हणाले, "आन् मला तर तुमी जन्मापासनं वळकताय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.